कूबर पेडीत नोकरी घ्यावी का? ‘आहे का’ विचारू नका, ‘कोणत्या वारी’ ते विचारा

आधी तुमचा प्रश्न मला समजला तसा मांडते. तुम्ही मूळच्या अकोल्याच्या, सध्या ॲडलेडमध्ये एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धांच्या सेवेत, नर्स. सगळे ४९१ व्हिसावर, म्हणजे ‘रीजनल’ भागात राहण्याच्या अटीवर मिळणाऱ्या तात्पुरत्या व्हिसावर. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या कूबर पेडीच्या रुग्णालयात दोन वर्षांची नोकरी चालून आली आहे, घर मिळतंय, पगार आतापेक्षा बरा आहे. नवरा घरून सॉफ्टवेअरचं काम करतो, मुलगी सात वर्षांची. दिवाळीनंतर सासूबाई सहा महिन्यांसाठी येणार आहेत. त्यांना मधुमेह आहे आणि तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. तिथं डॉक्टर आहे का, शाळा आहे का, किराणा मिळतो का, इंटरनेट चालतं का, हे तुम्ही विचारलंय. शिवाय आउटबॅकला, म्हणजे देशाच्या ओसाड आतल्या भागात, गेलात की पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) लवकर होतो असं एजंट म्हणाला, तेही खरं का.

मी नर्स आहे. साडेसहा वर्षं कूबर पेडीत काढली. आता पोर्ट ऑगस्टात असते, पण तिकडे कुणी रजेवर गेलं की अजूनही बदली म्हणून जाऊन येते. तेव्हा ऐकीव सांगत नाही.

एजंटचं आधी निकाली काढू. ४९१ च्या दृष्टीनं ॲडलेडसुद्धा ‘रीजनल’च धरलं जातं. तीन वर्षांची अट तुम्ही ॲडलेडच्या उपनगरात राहून पुरी करा नाहीतर वाळवंटात, घड्याळ त्याच वेगानं चालतं. कूबर पेडीला गेल्यानं १९१, म्हणजे ४९१ नंतरचा कायमचा व्हिसा, एक दिवसही आधी मिळत नाही. जायचं तर कामासाठी आणि अनुभवासाठी जा. व्हिसासाठी म्हणून गेलात तर पहिल्या उन्हाळ्यातच स्वतःवर चिडाल.

आता तुमचे चार ‘आहे का’. चारही प्रश्नांचं उत्तर ‘हो, आहे’ असंच आहे आणि त्यानंच लोक फसतात. आपल्याकडे लहान गावात नवीन आलेला माणूस ‘इथं बाजार आहे का’ असं विचारत नाही, ‘बाजार कोणत्या वारी’ असं विचारतो. आउटबॅकच्या गावाला हाच प्रश्न लागू पडतो. दातांचा डॉक्टर आहे, पण तो ठरलेल्या आठवड्यात येतो. ताजी भाजी आहे, पण ट्रक आल्या दिवशी. हृदयाचा तज्ज्ञ आहे, पण फोनच्या पलीकडे. म्हणजे तुमचा खरा प्रश्न असा आहे: जी गोष्ट आज इथं नाही ती यायला किंवा तिच्यापर्यंत पोचायला किती वेळ लागेल, आणि तुमच्या घरातल्या प्रत्येकाला तेवढा वेळ काढता येईल का? याचं उत्तर तुमचं वेगळं, तुमच्या मुलीचं वेगळं आणि सासूबाईंचं तर अगदीच वेगळं आहे.

अंतराचा अंदाज यावा म्हणून थोडं. ॲडलेडपासून स्टुअर्ट महामार्गानं साधारण ८५० किलोमीटर. त्यातले पहिले ३०० पोर्ट ऑगस्टापर्यंत, तिथवर सगळं ओळखीचं वाटतं. पुढचे ५४० किलोमीटर मात्र लाल माती, खुरटी झुडपं आणि सरळ रेघ. लोकसंख्या दीड हजाराच्या आसपास. १ फेब्रुवारी १९१५ ला विली हचिसन नावाच्या चौदा वर्षांच्या पोराला इथं ओपल सापडला. सोनं शोधायला निघालेल्या बापाबरोबर तो आला होता. तेव्हापासून माणसं जमीन उकरतायत आणि ऊन टाळायला जमिनीतच राहतायत. गावाचं नावही स्थानिक आदिवासी भाषेतल्या ‘कूपा पिटी’वरून आलं, म्हणजे साधारण ‘गोऱ्या माणसाचं बीळ’. (शुक्रासाठी ओपल घालणारे नातेवाईक तुम्हालाही असतीलच. एकदा तिथं गेलात की अर्ध्या अकोल्याच्या अंगठ्यांच्या फर्माइशी येतील, तयारीत राहा.)

आरोग्याचं सविस्तर सांगते, कारण तुमचा निर्णय त्यावरच अडणार आहे.

रोजच्या दुखण्याखुपण्याला गाव कमी पडत नाही. लहान रुग्णालय आहे, तातडीचा विभाग आहे, औषधांचं दुकान आहे. आदिवासी समाजानं स्वतः चालवलेली उमूना त्जुटाग्कू ही आरोग्य संस्थाही आहे. अडचण सातत्याची. डॉक्टर पाळीपाळीनं येतात, आज पाहिलेला चेहरा पुढच्या महिन्यात असेलच असं नाही. म्हणून प्रत्येक कुटुंबाला मी एक सवय लावायचे: स्वतःची फाइल स्वतःकडे ठेवा. चालू औषधं, ॲलर्जी, शेवटचे रिपोर्ट, शस्त्रक्रियांच्या तारखा, सगळं एका जागी. नवा डॉक्टर ‘आधी काय झालं होतं’ विचारतो तेव्हा तुमची दहा मिनिटं वाचतात.

तज्ज्ञ मंडळी वेळापत्रकानं येतात किंवा व्हिडिओवर भेटतात. वेळापत्रक चुकलं की काय होतं ते माझ्या मुलाच्या दाढेनं मला शिकवलं. दंतवैद्य गुरुवारी संध्याकाळी परत गेला, शुक्रवारी पहाटे पोराचा गाल सुजला. चूक माझीच. महिनाभर तो ‘थंड लागतं’ म्हणत होता आणि मी ‘बघू’ म्हणत होते. शेवटी गोळ्या देऊन पोर्ट ऑगस्टा गाठलं, जाऊन-येऊन हजार किलोमीटरच्या वर. शहरात ‘बघू’ परवडतं. तिथं शंका आली की त्याच दिवशी यादीत नाव घालायचं, मागाहून बरं वाटलं तर रद्द करता येतं. उपचारासाठी एका बाजूनं १०० किलोमीटरपेक्षा जास्त जावं लागलं तर प्रवासखर्चाचा काही भाग परत देणारी पॅट्स नावाची राज्य सरकारची योजना आहे. तिचा अर्ज गाडीच्या कप्प्यात ठेवा. प्रवासाआधी डॉक्टरचा शेरा घ्यायला लोक विसरतात आणि मग खिडकीशी हुज्जत घालतात.

आता मोठं संकट. ‘फ्लाइंग डॉक्टर’ हे नाव ऐकून लोकांना वाटतं, फोन केला की विमान दारात. रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस १९२८ च्या मे महिन्यात क्वीन्सलँडमधल्या क्लॉनकरीतून सुरू झाली. जॉन फ्लिन या पाद्र्याच्या कल्पनेतून. या एवढ्या ओसाड मुलखावर ‘सुरक्षेचं पांघरूण’ घालायचं असं तो म्हणायचा. पांघरूण खरंच आहे, मी कितीतरी रात्री त्याच्याखाली काम केलंय. पण ते अंगावर यायला वेळ लागतो. पोर्ट ऑगस्टाहून विमान हवेत तासभराचंच, पण त्याआधी रुग्णाची स्थिती फोनवर सांगा, तिकडचा डॉक्टर प्राधान्य ठरवणार, विमान दुसऱ्या फेरीवर असलं तर ते मोकळं होणार, मग धावपट्टी, मग रुग्ण हलवण्याइतका स्थिर करणं. काही तास धरून चला. धुळीचं वादळ आलं तर त्याहून जास्त. ते तास सांभाळायचे कुणी? तुम्ही. तुमची नोकरी तीच आहे.

हृदयाच्या बाबतीत दक्षिण ऑस्ट्रेलियात एक फार चांगली सोय आहे. आयसीसीनेट नावाच्या जाळ्यामुळे लहान रुग्णालयातला ईसीजी लगेच ड्यूटीवरच्या हृदयतज्ज्ञाकडे जातो, ट्रोपोनिनची (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी) रक्ततपासणी खाटेशेजारीच होते, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन कधी द्यायचं ते तो फोनवर सांगतो. म्हणजे हृदयविकाराचा झटका आला म्हणून माणूस तिथं वाऱ्यावर पडत नाही. पण अँजिओप्लास्टी मात्र ॲडलेडलाच, विमानानं.

हे सगळं लक्षात घेऊन सासूबाईंचं बघा. इथं स्पष्ट बोलते, राग मानू नका. दिवाळीनंतर सहा महिने म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल. कूबर पेडीत येण्यासाठी वर्षातला सर्वांत वाईट काळ. पारा चाळीस ओलांडतो आणि आठवडाभर तिथंच बसतो, पंचेचाळीस काही नवलाचं नाही. तुम्ही अकोल्याच्या, म्हणून म्हणाल की ऊन आम्हाला काय सांगता. बरोबर आहे. पण अकोल्यात सासूबाईंना संध्याकाळी ओट्यावर बसून चार जणींशी बोलता येतं आणि हृदयाचा डॉक्टर रिक्षाच्या अंतरावर असतो. इथं त्या दिवसभर बंद घरात, भाषा येत नाही, तुम्ही ड्यूटीवर. शिवाय पाहुण्यांच्या व्हिसावर मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, नाही आणि भारताशी ऑस्ट्रेलियाचा आरोग्यसेवेचा परस्पर करारही नाही. जुनी दुखणी कव्हर करणारा विमा लागेल आणि ‘अँजिओप्लास्टी झाली आहे’ हे लपवून घेतलेला विमा ऐनवेळी कागदाचा तुकडा ठरतो. माझं मत: त्यांना मेच्या सुरुवातीला आणा, ऑगस्टच्या शेवटी परत पाठवा. तेव्हा दिवसा वीस अंशांच्या आसपास सुरेख हवा असते. रात्री मात्र पारा पाच-सहापर्यंत उतरतो, शाल-स्वेटर लागेल. औषधं तीन महिन्यांची आणि डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसकट आणायला सांगा. त्याहून जास्त आणता येत नाहीत.

तुम्हा तिघांसाठीही एक लहान काम: दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲम्ब्युलन्स फुकट नाही आणि मेडिकेअर तिचे पैसे भरत नाही. वार्षिक ॲम्ब्युलन्स कव्हर घ्या. ॲडलेडमध्ये असाल तरी घ्या.

दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर तोही आत्ताच करा. नियोजित बाळंतपण कूबर पेडीत होत नाही. दिवस भरत आले की बाईनं पोर्ट ऑगस्टाला किंवा ॲडलेडला जाऊन राहायचं, कळा येण्याची वाट तिथं बघायची. नवऱ्याला रजा, मुलीची शाळा, हे सगळं त्यात येतं.

कामाबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही, पण माझ्या मते सगळ्यात मोठा बदल तिथंच आहे. एज्ड केअरमध्ये तुमचे रुग्ण ओळखीचे, दुखणी ओळखीची. तिथं एकाच पाळीत खाणीत बोट चिरडलेला माणूस, ताप आलेलं तान्हं बाळ, उलटलेल्या गाडीतले दोन जर्मन पर्यटक आणि मध्यरात्री बोलायला आलेला एकटा म्हातारा. डॉक्टर असेलच असं नाही, व्हिडिओवर असेल. मला पहिले सहा महिने पोटात गोळा यायचा. मग एक दिवस लक्षात आलं की गेल्या आठवड्यात आलाच नाही. जाण्याआधी क्रानाप्लस या दुर्गम भागातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच्या संस्थेचा दुर्गम भागातल्या तातडीच्या उपचारांचा कोर्स करा, प्रसूतीच्या संकटांचाही जमला तर तोही. मालकाला खर्च मागा, बहुतेक देतात.

सुरक्षेचं मोकळेपणानं विचारा, त्यात संकोच नको. २०१६ साली राज्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या एपीवाय लँड्स या आदिवासी प्रदेशात, फ्रेगॉन गावात, गेल वुडफर्ड या नर्सची ऑन-कॉलवर असताना हत्या झाली. त्यानंतर दक्षिण ऑस्ट्रेलियानं कायदा बदलला. ‘गेल्स लॉ’ नावानंच तो ओळखला जातो आणि २०१९ पासून लागू आहे. दुर्गम भागात रात्री-अपरात्री बोलावणं आलं तर आरोग्य कर्मचाऱ्यानं एकट्यानं जायचं नाही, सोबत दुसरं माणूस हवं. कूबर पेडीतल्या तुमच्या कामात रुग्णालयाबाहेर जाणं कमीच असेल, पण मुलाखतीत विचारा: रात्रीच्या पाळीत किती जणी असतात? ऑन-कॉल महिन्यातून किती वेळा? सलग किती रात्री? सोबतीचं माणूस कोण, आणि ते आलं नाही तर काय करायचं? उत्तर देताना समोरचा चाचपडला तर समजून घ्या. एका दुसऱ्या ठिकाणी, गाव सांगत नाही, मला ‘ऑन-कॉल क्वचितच’ असं सांगून नेलं होतं. पहिल्या महिन्यात अकरा रात्री फोन वाजला. तेव्हापासून मी रोस्टर लेखी मागते, तेही मागच्या तीन महिन्यांचं. पुढचं कुणीही गोड लिहून देतं.

मन थकलं तर क्रानाप्लसची बुश सपोर्ट लाइन आहे, चोवीस तास, मानसशास्त्रज्ञ बोलतात, आणि ती घरच्यांसाठीही आहे. नवऱ्याच्या फोनमध्येसुद्धा नंबर टाकून ठेवा.

किराणा. सुपरमार्केट आहे, गहू-तांदूळ-दूध-अंडी याला अडत नाही. ट्रक आल्यावर पालेभाजी घ्यायची, पुढचे दिवस कोबी-बटाटा-फ्रोजन मटार. दर ॲडलेडपेक्षा चढे. आपलं सामान मात्र वर्षातून दोन-तीनदा ॲडलेडहून भरून आणायचं. मी तूरडाळ दहा किलो, पोहे, शेंगदाणे, गूळ, काळा मसाला असं आणत असे. कढीपत्ता धुऊन, पुसून फ्रीझरमध्ये, खवलेला नारळही तसाच. डीप फ्रीझर चैनीची वस्तू समजू नका, पहिल्या पगारात घ्या.

का ते सांगते. जानेवारी २०२२ च्या अखेरीस असा पाऊस पडला की स्टुअर्ट महामार्ग ग्लेनडँबोजवळ, म्हणजे पोर्ट ऑगस्टा आणि आमच्या गावाच्या मधल्या थांब्याजवळ, पाण्याखाली गेला आणि रेल्वेमार्गही वाहून गेला. दक्षिणेकडून ट्रक येणं थांबलं. सुपरमार्केटच्या फळ्या दोन-तीन दिवसांत रिकाम्या. आधी ब्रेड गेला, मग दूध, मग कांदे. शेवटी हवाई दलाच्या हर्क्युलिस विमानानं सुमारे २० टन अन्न आणून उतरवलं. आमच्याकडे डाळ-तांदूळ होते. शेजारच्या सर्बियन आजी पंधरा दिवस आमच्याकडे वरणभात जेवल्या आणि नंतर ‘तो पिवळा सूप’ म्हणून हक्कानं मागायला लागल्या. वाळवंटातलं गाव पावसानं अडतं, हे तोवर माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तेव्हापासून घरात तीन आठवड्यांचं कोरडं सामान आणि दोन आठवड्यांची जास्तीची औषधं असतातच.

पाणी पिण्याजोगं आहे, पण कमावलेलं आहे. गावापासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या बोअरमधून खारं पाणी उपसतात आणि रिव्हर्स ऑस्मोसिसनं गोडं करतात. म्हणून ते तयार करणं महाग पडतं. प्रवाशांसाठी तर नाणं टाकून पाणी भरून घ्यायचा नळ आहे. घराचं भाडं माफ असलं तरी पाण्याचं आणि विजेचं बिल कुणाकडे, हे करारात बघा. वीज राष्ट्रीय जाळ्यातून येत नाही. २०१७ पासून पवनचक्क्या, सौर पॅनेल, बॅटरी आणि डिझेल असं मिश्र केंद्र चालतं आणि सुमारे ७० टक्के गरज वारा-उन्हातून भागते. आमच्याकडे वीज जाण्याचा त्रास मला तरी अकोला-अमरावतीच्या उन्हाळ्यापेक्षा कमीच जाणवला.

घर कोणतं देतायत ते आजच विचारा, कारण इंटरनेटचं उत्तर त्यात दडलंय. डोंगरात कोरलेलं घर म्हणजे डगआउट असेल तर बाहेर पंचेचाळीस असो की पाच, आत बाराही महिने २३ ते २५ अंश. स्वयंपाकघर आणि न्हाणी सहसा दर्शनी भागात असते, पाणी बाहेर काढायच्या सोयीसाठी. आतल्या खोल्यांना खिडकी नाही. झोप अशी लागते की सकाळ झाली हे गजराशिवाय कळत नाही. काहींना हे फार आवडतं, काहींचा जीव गुदमरतो. तुम्ही कोणत्या, हे दोन रात्री राहिल्याशिवाय कळायचं नाही. आणि दगडाच्या भिंतीतून मोबाइलची रेंज येत नाही, वाय-फायही एका खोलीतून दुसरीत नीट जात नाही. नवऱ्याचं काम चालायला हवं तर दर्शनी खोलीत टेबल, बाहेर अँटेना किंवा स्टारलिंकच्या उपग्रह इंटरनेटची थाळी, आणि आत वायर. घर जमिनीवरचं असेल तर इंटरनेट सोपं, पण उन्हाळा कठीण. तिथल्या कोरड्या हवेत आपल्या वाळ्याच्या कूलरसारखे पाण्याचे कूलर छान चालतात, धुळीच्या वादळात मात्र बंद ठेवावे लागतात. मोबाइल टेल्स्ट्रा कंपनीचा घ्या. गाव सोडलं की तोही जातो.

शाळेची चिंता सर्वांत कमी करा. बालवर्गापासून बारावीपर्यंत एकच सरकारी शाळा, वर्ग लहान, शिक्षिका मुलीला नावानं ओळखणार आणि तुम्हाला सुपरमार्केटात भेटणार. सात ते नऊ हे वय तिथं राहायला उत्तम. दहावी-बारावीची मुलगी असती तर मी दुसरं बोलले असते. नृत्याचे, गाण्याचे, गणिताचे वर्ग व्हिडिओवरच. माझा मुलगा तबला तसाच शिकला, आणि तबल्यासारखी गोष्ट तशी शिकवू नये या मतावर मी आजही ठाम आहे.

मुलीला एक गोष्ट मात्र पहिल्या दिवशी शिकवा: खुणांच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही, उलट्या पावली कधीच चालायचं नाही. गावाभोवती ओपलसाठी खणलेली हजारो भोकं उघडीच आहेत. माणूस सहज आत जाईल एवढी रुंद आणि विहिरीसारखी खोल. फोटो काढताना मागे सरकणारे पर्यटक हे तिथल्या प्रत्येक नर्सचं दुःस्वप्न.

माणसांचं काय? गाव लहान, पण पोटात अर्धं जग आहे. सर्ब, क्रोएट, ग्रीक, इटालियन, आणि आपल्याला जवळची वाटणारी श्रीलंकन मंडळीही. सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च जमिनीखाली आहे, क्रोएटांचा आणि इटालियनांचा क्लब आहे, गवताचं एक पातं नसलेलं गोल्फ मैदान आहे. आणि आदिवासी समाज आहे, जो आपल्या सगळ्यांच्या आधीपासून तिथं आहे. तुमच्या रुग्णांत ते मोठ्या संख्येनं असतील. पहिले काही महिने कमी बोला, जास्त ऐका. नजर टाळली म्हणजे उद्धटपणा नव्हे, गप्प राहणं म्हणजे नकार नव्हे. मला हे उमजायला वर्ष लागलं, एका आदिवासी आरोग्य सेविकेनं हसत हसत शिकवलं.

एकटेपणा तुमच्यापेक्षा नवऱ्याला जास्त येईल. तुम्हाला कामावर गाव भेटतं. तो दिवसभर डगआउटमध्ये हेडफोन लावून. माझ्या नवऱ्यानं दुसऱ्या महिन्यात स्वयंसेवक अग्निशमन दलात नाव घातलं आणि घर वाचलं, असं मी अर्धं गमतीत म्हणते. भारतात फोन करायला वेळेचं गणित चांगलं आहे, एरवी चार तासांचा फरक, ऑक्टोबर ते एप्रिल पाच तासांचा.

गाडीबद्दल तीनच गोष्टी. ग्लेनडँबो सोडलं की सुमारे २५० किलोमीटर पंप नाही, निघण्याआधी वाटेतला कोणता पंप चालू आहे ते बघा. दिवस मावळल्यावर चालवू नका, कांगारू आणि मोकाट गुरं रस्त्यावर येतात. आणि रोड ट्रेनला, म्हणजे अनेक डबे जोडलेल्या ५३ मीटर लांबीच्या ट्रकला, ओलांडायचं तर समोर किलोमीटरभर मोकळं दिसल्याशिवाय नाही. पाणी माणशी दहा लिटर. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालायला लागू नका, विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

तर माझा सल्ला. तुमच्या जागी मी गेले असते, पण दोन वर्षांचा करार सही करण्याआधी सहा आठवड्यांची बदली मागून, तीही फेब्रुवारीत. जुलैत गाव बघून हो म्हणणारे डिसेंबरात पळतात. फेब्रुवारी निभली तर बाकीचं निभतं. नवऱ्याला त्यातले दोन आठवडे सोबत न्या आणि त्याच खोलीतून त्याचं ऑफिस चालवून बघा. सासूबाईंची तिकिटं अजून काढली नसतील तर थांबा. आणि त्यांच्या डॉक्टरनं ‘हृदयतज्ज्ञापासून तासाभराच्या आत राहा’ असं सांगितलं असेल, तर त्यांच्या मुक्कामापुरतं ॲडलेडला घर घ्या, नाहीतर ही नोकरी सोडा. तिथं मधला मार्ग मला दिसत नाही.

शेवटी तुम्ही जाता जाता विचारलंत, गणपती बसवता येईल का. आम्ही सहाही वर्षं बसवला, शाडूचा, ॲडलेडहून पोहे-डाळीच्या खेपेत मांडीवर घेऊन आणलेला. भाद्रपदात तिथं हवाही छान असते. आरतीला शाळेतले शिक्षक, दोन श्रीलंकन कुटुंबं आणि त्या सर्बियन आजी यायच्या. टाळ आजींकडे. दूर्वा मिळत नाहीत, त्या ॲडलेडच्या मैत्रिणीकडून ओल्या फडक्यात गुंडाळून बसनं मागवायच्या. विसर्जन बादलीत. मूर्ती विरघळायला दीड दिवस लागतो, आणि ते पाणी ओतून टाकू नका, दाराशी जे काही झाड जगत असेल त्याच्या बुंध्याशी घाला.